चौथ्या दाराचा पाहुणा

३ मार्च, रविवार

नवी वही. जुनीतले संकल्प जुने झाले होते, म्हणून.

संकल्प: सिगारेट बंद. मुलाची, एल्दियारची खोली मे अखेर पूर्ण (जमीन, खिडकी, रंग). आणि कॉम्प्युटरवरच्या अंतराळ-लढाईच्या गेमची वर्गणी भरायची नाही, कोणी कितीही चिडवो. तिसरा संकल्प दीड वर्षं पाळतोच आहे, म्हणजे एक तृतीयांश काम आजच झालं.

साडू जोलचू चहाला आला होता. टायरचं दुकान जोरात आहे, त्यामुळे तो गेममध्ये दर महिन्याला पैसे भरतो. भरणाऱ्याच्या नावाखाली ‘नागरिक’ असं येतं, न भरणाऱ्याच्या नावाखाली ‘पाहुणा’. म्हणाला, साडूबुवा, फुकट्याला तोंडावर फुकट्या कसं म्हणायचं, म्हणून पाहुणा म्हणतात हो. मी विचारलं, आपल्याकडे पाहुण्याला कुठे बसवतात? दारापासून लांब, सगळ्यांच्या वर. आणि नागरिक कुठे असतो? पासपोर्ट ऑफिसात, रांगेत. जोलचूने तोंडात बोर्सोक कोंबलं. तळलेल्या कणकेचा तो गोळा तोंडात नसता, तरी हरलाच असता.

नागरिकाला मिळतं तरी काय? मोठं जहाज. सीमेपलीकडे जायची मुभा. दुसऱ्याला वस्तू पाठवता येते, चॅनेलवर कोण कोण आहे त्याची यादी दिसते. मला काय हजेरी घ्यायची आहे?

सिगारेट: एक. जोलचूने पुढे केली. नको कसं म्हणणार.

५ मार्च, मंगळवार, दुपारी ३

गेममधल्या तळाच्या चौथ्या दारावर ड्यूटी. शांतता.

इथल्या विमानतळाच्या टॉवरमध्ये मी एकोणतीस वर्षं काढली. शेवटची अकरा वर्षं विमान येत नव्हतं, पण टॉवर होता आणि मी होतो. असा माणूस आमच्या फौजेत दुसरा नाही. आमची सेनापती आयझिरेक बिश्केकची आहे, चोवीस वर्षांची, हुशार पोरगी. मागच्या वर्षी ऐन लढाईत मी दोन जहाजांना उतरायची परवानगी नाकारली, कारण धावपट्टी मोकळी आहे असं कोणीच कळवलं नव्हतं. अंतराळात धावपट्टी नसते हे नंतर कळलं. दोन्ही जहाजं गेली. त्याच दिवशी आयझिरेक म्हणाली, आक्साकाल (वडीलधाऱ्याला आमच्यात असंच म्हणतात), तुमच्यासारख्या पिकल्या माणसाने धावपळ कशाला करायची, तुम्ही चौथं दार सांभाळा. तिथे दुसऱ्या कोणाला ठेवत नाहीत. यावरून काय ते समजावं.

रिपोर्ट हेडक्वार्टरच्या चॅनेलवर टाकायचा. हा चॅनेल एल्दियारनेच मला जोडून दिला. तिथे तीसेक अधिकारी असावेत. बोलत नाहीत. रविवारी एकदाच उत्तर येतं, लिहिणाऱ्याचं नाव नाही, नुसतं हेडक्वार्टर: ‘मिळाला, आक्साकाल.’ याला शिस्त म्हणतात.

१७ मार्च, रविवार

एल्दियारचा फोन. तब्येत बरी. तिकडे रशियात पोदोल्स्कला चिखल, इकडे नारीनला चिखल. पैसे आईच्या खात्यावर पाठवलेत. चार मिनिटं.

येतोस कधी, हे विचारायचं ठरवलं होतं. चिखलातच वेळ गेला.

गोदामात काम करतोय, तिसरं वर्ष. दोघी मुली सासरी नांदतायत. धाकट्याने आईबापाच्या घरात राहायचं असतं, हे काय त्याला पत्र लिहून कळवायचं? मी गल्लीत सगळ्यांना जूनमध्ये येतोय म्हणून सांगून टाकलंय. सांगितलं की माणसाला यावं लागतं.

संध्याकाळी ६

युक्ती सुचली. बापाने मुलाची मनधरणी करणं शोभत नाही. पण एका अधिकाऱ्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला कळवणं वेगळं. गेममध्ये एल्दियार सीमेवरचा वैमानिक आहे, हेडक्वार्टरची माणसं तिथे रोज त्याच्याबरोबर असतात. माझं ऐकत नसेल, त्यांचं ऐकेल. रिपोर्ट टाकला: ‘चौथं दार शांत. गोपनीय: वैमानिक एल्दियारला जूनपर्यंत घरी जाण्याचा हुकूम द्यावा. आई रविवारी फोन ठेवला की रडते.’

गुलसून, म्हणजे त्याची आई, फोन ठेवल्यावर मालिका बघते. पण रडते म्हणून कोणाचं तरी नाव द्यायला हवं होतं.

२१ मार्च, नोरुझ

नव्या वर्षाचा सण: पाहुणे, मोडाच्या गव्हाची सुमोलोक खीर, आरडाओरडा. जोलचू सगळ्यांसमोर म्हणाला, आमच्या साडूबुवांनी दीड वर्षात एकही जहाज गमावलं नाही, कारण दारातून हललेच नाहीत. सगळे हसले. मीही हसलो. मोठ्या माणसाने हसावं.

एल्दियारच्या खोलीची जमीन निम्मी झाली. गुलसून काहीतरी विणतेय. मोजा म्हणते. माझा अंगठा जेमतेम मावेल. इतकी वर्षं विणते आणि माप अजून जमत नाही.

२४ मार्च, रविवार

हेडक्वार्टरचं उत्तर: ‘मिळाला, आक्साकाल. त्याच्याशी बोलतो.’

मी म्हणत नव्हतो का!

७ एप्रिल, रविवार

हेडक्वार्टरने विचारलंय: ‘आक्साकाल, तिकडे त्याचं कोणी असेल तर?’

चांगला प्रश्न. सगळ्या बाजू बघणारी माणसं आहेत. मी सविस्तर उत्तर दिलं. असेल तर सोडून यावं. इकडे मी पोस्टमास्तरांच्या बुरूलशी बोलणं लावलंय. (अजून पोस्टमास्तरांशी बोललेलो नाही.) मुलगा मनाने चांगला पण मामावर गेलाय, कणा नाही, कोणी हात धरून आणला तरच येईल, हेही लिहिलं. अधिकाऱ्यांपासून काय लपवायचं.

सिगारेट: चार. कामाचा ताण.

१४ एप्रिल, रविवार

हेडक्वार्टर गप्प. एल्दियारचा फोन दोन मिनिटं. आवाज बसला होता. मी म्हटलं, गरम चहा घे. म्हणाला, घेतो बाबा.

खोलीच्या फळ्या ओल्या होत्या की काय कोण जाणे, मधून वर आल्यात. उन्हाळ्यात आपोआप बसतील.

२८ एप्रिल, रविवार, दुपारी ४.२०

हेडक्वार्टरचं उत्तर जसंच्या तसं उतरवून ठेवतो, पुढे चौकशी झाली तर पुरावा हवा.

‘आक्साकाल, माफ करा. वैमानिक एल्दियार परत येणार नाही. त्याने इथे निकाह केला आहे. मुलगी आपल्याकडचीच, बात्केनची आहे, गोदामाच्या खानावळीत काम करते, चांगली आहे. तुमच्या तोंडावर नाही म्हणायची त्याची हिंमत होत नाही.’

खोटं आहे. साफ खोटं. माझा मुलगा असं करणार नाही. केलंच तर आधी मला सांगेल. आम्ही दर रविवारी बोलतो.

४.४५

हेडक्वार्टरला कळवलं की दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणाऱ्या खोटारड्या अधिकाऱ्यांसाठी मी दार राखणार नाही. राजीनामा. कॉम्प्युटर बंद. कायमचा.

५ मे, रविवार

एल्दियारचा फोन. तब्येत. हवामान. मी विचारलं नाही. खोटी गोष्ट आहे, ती विचारायची कशाला? तोही काही बोलला नाही, म्हणजे खोटीच. तरी फोन ठेवताना म्हणाला, बाबा, गेम खेळत नाही का हल्ली? म्हटलं, वेळ नाही, तुझी खोली चाललीये. मग त्याने हवामान पुन्हा एकदा विचारलं. पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसेल.

झोप नीट नाही. गुलसून म्हणते, डॉक्टरला दाखवा. म्हटलं, फळ्या उचलल्या त्याचं आहे.

१२ मे, रविवार

जोलचूला सांगितलं की गेमचं हेडक्वार्टर मूर्खांच्या हातात गेलंय, माणसांच्या घरादाराविषयी वाट्टेल ते उठवतात. त्याला चिडवायची एवढी नामी संधी होती. चिडवलं नाही. कप खाली ठेवला. मग म्हणाला, साडूबुवा, एकदा पोराला सरळ विचारा ना. त्याला म्हटलं, तू टायर बघ.

खिडकीची काच बसवली. तडा गेला. काच हलकी निघाली.

२६ मे, रविवार

पोस्टमास्तर रस्त्यात भेटले. बुरूलचं ठरलं म्हणे, ऑगस्टमध्ये लग्न. मी अभिनंदन केलं. बरं झालं, आमचा एल्दियार इतक्यात लग्नाचं बघतच नाहीये.

हे वाक्य लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

९ जून, रविवार, सकाळी ११

सहा आठवड्यांनी गेम उघडला. खेळायला नाही. राजीनामा दिला तरी दाराची काळजी वाटतेच.

हेडक्वार्टरचा निरोप, शुक्रवारचा:

‘सुयुंचू, आक्साकाल! वैमानिक एल्दियारला मुलगी झाली. तीन किलो दोनशे. आई बरी आहे. तुम्ही आजोबा झालात.’

११.३०

धावत स्वयंपाकघरात गेलो. गुलसून कणीक मळत होती. म्हटलं, एल्दियारला मुलगी झाली. म्हणाली, हो, शुक्रवारी. मी खाली बसलो. विचारलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाली, त्यानेच. लग्नाचं फेब्रुवारीत सांगितलं, बाळाचंही. मग मला का नाही सांगितलं कोणी? हातातली कणीक न सोडता म्हणाली, तुम्हाला काही सांगितलं की तुम्ही ऐकता का? तुम्ही रिपोर्ट करता.

म्हणजे खरं होतं. सगळं खरं होतं. तो येणार नाही.

रागावायचं ठरवलं होतं. जमत नाहीये. तीन किलो दोनशे म्हणजे चांगलं वजन आहे.

१० जून, सोमवार

रात्रभर विचार केला. काहीही असो, त्या अधिकाऱ्याने सुयुंचू, म्हणजे चांगल्या बातमीची भेट, मागितलीय. चांगली बातमी आणणाऱ्याला आमच्यात रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत. माझा जन्म झाला तेव्हा बातमी आणणाऱ्याला आजोबांनी घोडा दिला. (आजी म्हणायची, लगाम दिला.) मी त्या माणसाला एप्रिलमध्ये खोटारडा म्हणालो, आणि तरी पहिली बातमी त्याने मला दिली. मला तोंड दाखवायला जागा राहायला हवी.

माझ्याकडे एकच वस्तू आहे, माझं जहाज. छोटं आहे, पण दीड वर्षात एक ओरखडा नाही. पाठवायला गेलो तर पडद्यावर आलं: पाहुण्यांना भेट पाठवता येत नाही.

तीनदा प्रयत्न केला. अपमान वाटला. पाहुणा कधी रिकाम्या हाताने येतो का कोणाकडे?

संध्याकाळी ५

जोलचूच्या दुकानात गेलो. माझ्याकडे बँकेचं कार्ड नाही. म्हटलं, एका महिन्याची वर्गणी भर. कामासाठी हवीये, तत्त्व बदललेलं नाही. वाटलं होतं, आता वर्षभर पुरेल एवढं हसेल. त्याने हात पुसले, कार्ड काढलं, भरून टाकली. पैसे दिले ते घेईना. म्हणाला, आजोबा झालात साडूबुवा, राहू द्या.

त्यालाही माहीत होतं.

११ जून, मंगळवार, दुपारी २.१०

नावाखाली ‘नागरिक’ आलं.

जहाज निवडलं. भेट कोणाला, असं विचारतं. चॅनेल: हेडक्वार्टर. मग यादी उघडते, त्यातून नाव निवडायचं. तीस नावं असतील असा अंदाज होता, चष्मा लावून बसलो होतो.

दोन नावं. एक माझं. दुसरं एल्दियार.

२.३०

खाली आणखी नावं असतील म्हणून यादी ओढून बघितली. बंद करून उघडली. दोनच.

३.००

दीड वर्षाचे माझे रिपोर्ट मागे जाऊन वाचले. त्याने सगळे वाचले होते. चौथं दार शांत, चौथं दार शांत, चौथं दार शांत. वैमानिक मामावर गेलाय. कणा नाही. सोडून यावं. हे सगळं त्याने दिवसभर खोकी उचलून घरी येऊन वाचलं. आणि दर वेळी लिहिलं, मिळाला, आक्साकाल.

रडू आलं. कोणी बघितलं नाही. गुलसूनने बघितलं.

३.४०

यादीतल्या दुसऱ्या नावाला जहाज पाठवलं. खाली लिहिलं: ‘हेडक्वार्टर, सुयुंचू स्वीकारावी. वैमानिक एल्दियारला कळवा की बापाची काही हरकत नाही. मामाविषयीचा रिपोर्ट रद्द समजावा. रडण्याविषयीच्या रिपोर्टात नावाची चूक झाली होती.’

४.०५

उत्तर: ‘मिळालं, आक्साकाल.’

मग थोड्या वेळाने: ‘बाबा, फोन करू का?’

मी लिहिलं, हेडक्वार्टरने ड्यूटीवर खासगी बोलू नये. आणि लगेच खाली लिहिलं, कर.

४.५०

फोन झाला. तब्येत विचारली. हवामान विचारलं. तिकडे पाऊस आहे, इकडे नाही. मागे बाळ रडत होतं, म्हणून मी म्हटलं, फोन जरा तिच्याजवळ धर. धरला. बारा मिनिटं ऐकलं. गुलसून मला द्या, मला द्या म्हणत होती. दिला नाही.

वर्गणीचे अजून एकोणतीस दिवस आहेत. उडवायला जहाज नाही.