चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

४ मार्च

चि. भाऊस अ. आ.

तुझ्या खोकल्याची चौकशी नंतर. आधी परीक्षा कचेरीतलं लिहिते. सातवीच्या देशभरच्या परीक्षेत गणिताचा चौदावा प्रश्न मी काढला होता. टाकी भरायला सहा तास लागतात, सकाळी सातला नळ सोडला, तर ती कधी भरेल? उत्तर, दुपारी एक. तुझ्या वर्गातल्या सव्वीसपैकी तेवीस मुलांनी लिहिलंय, उद्या सकाळी दहा. सगळ्यांची चूक एकच, म्हणून साहेबांना वाटतं, कुणीतरी फळ्यावर उत्तर लिहून दिलं. कुणीतरी म्हणजे तू. वीस तारखेपर्यंत खुलासा आला नाही, तर वर्गाचा निकाल रोखतील आणि पोरांचे पुढच्या शाळेतले प्रवेश हुकतील.

लहानपणी तू माझ्या वहीतून गणितं उतरवायचास, हे मी साहेबांना सांगितलेलं नाही. पण विचारायला हवं, म्हणून विचारते. सांगितलंस का? आणि सांगितलंच असशील, तर इतकं चुकीचं कसं?

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावलोच. मी सांगितलं असतं तर निदान बरोबर सांगितलं असतं, एवढा तरी विश्वास ठेवायचास! खोकला बरा आहे.

वर्गात विचारलं, तर पोरं माझ्याकडेच नवलानं बघायला लागली. इस्त्रीवालीची मुलगी फटकळ आहे. ती उठून म्हणाली की सर, पाणी सातला येतं, दहाला जातं, मग टाकी काय वाऱ्यानं भरणार? आज तीन तास, उद्या तीन तास. तुझ्याशी उत्तर जुळलेले तिघं कारखान्याच्या अधिकाऱ्यांच्या वसाहतीतले. तिथे दिवसभर पाणी असतं. मीही तिथेच भाड्यानं राहतो. सहा वर्षं या पोरांना शिकवतोय, पण मलाही दुपारी एकच वाटलं होतं. पाण्याच्या वेळांचा नगरपालिकेचा कागद जोडला आहे.

तुझ्या मायेत आणि धाकात असलेला,
भाऊ

२२ मार्च

चि. भाऊस अ. आ.

कागद पोचला, तुझ्यावरचा संशय गेला. पण साहेब म्हणाले, निकाल सोडू, गुण मात्र नाही. गणितातलं पाणी जात नसतं. मी मान डोलावली, हे तुझ्यापासून लपवत नाही. मग जेवणाच्या सुट्टीत इतर शाळांचे गठ्ठे सोडले. कुठे 'उद्या', कुठे 'परवा', एका उत्तरात 'टँकर आला तर दुपारी'. सगळ्यांवर लाल फुली. दोन गठ्ठ्यांवर तर तपासनीस म्हणून सही माझीच.

साहेबांना जाऊन म्हटलं, पाणी किती वेळ असतं ते प्रश्नात लिहायचं मला सुचलंच नाही, कारण माझ्या घरचं जात नाही. चूक माझी, तर फुली त्यांच्यावर का? ते वैतागून म्हणाले, अशी मुलं आहेत तरी किती? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनाही माहीत नव्हतं.

शेवटी चौदावा प्रश्न सगळीकडे पुन्हा तपासायचं ठरलं. देशभरचा निकाल तीन आठवडे लांबलाय. सकाळपासून फोन थांबत नाहीत, सहकारी माझ्या नावानं बोटं मोडताहेत. त्यांचंही खोटं नाही.

तुझ्या वर्गातल्या पाच जणांचे प्रवेश या एका गुणावर अडले होते. आमच्याकडे फक्त क्रमांक असतात, त्यामुळे ती मुलगी त्यांत आहे की नाही, मला कळत नाही. निकाल लागला की तेवढं आधी कळव.

तुझी वाट बघणारी,
ताई