गॅरेजमधल्या बाईसाहेब

रविवार, १२ जानेवारी

आल्या एकदाच्या. चार माणसं, एक ट्रॉली आणि शेजारच्या कॉलिनच्या कुंपणाचा एक खांब, एवढ्यात निभावलं.

युनिव्हर्सिटीच्या तळघरातून निघालेला मिनीकॉम्प्युटर. मिनी म्हणे! आमच्या फ्रिजपेक्षा उंच, वयाने माझ्यापेक्षा मोठा. बाकीचे कॉम्प्युटर खोलीभर असायचे त्या काळात कपाटाएवढा असला की तो मिनी. पुढे लाल दिव्यांची रांग, खाली खटक्यांची रांग. मी बघितलं आणि संपलंच. दिवसभर पोर्टवर क्रेनच्या कंट्रोल सिस्टिम्स सांभाळते, पण तिथे काही बिघडलं की अख्खा बोर्ड काढायचा, नवा लावायचा, जुना फेकायचा. आत काय मेलं ते कुणी बघतच नाही. इथे सगळं उघडं. हात घाल, बघ.

पप्पा चहाचा मग घेऊन दारात उभे.

"हे कुठे ठेवणार?"

"गॅरेजमध्ये."

"आणि गाडी?"

"बाहेर, पावसात."

"गाडीने काय पाप केलंय?"

नवी डायरी आहे, म्हणून एकदाच लिहून टाकते. पप्पा म्हणजे माझे सासरे. कागदोपत्री माजी सासरे. अंशुमन मला सोडून कार्डिफला गेला तेव्हा वडिलांना बरोबर चला म्हणाला होता. पप्पा म्हणाले, "माझा बस पास इंग्लंडचा आहे. वेल्समध्ये चालत नाही." विषय संपला. नवरा गेला, सासरा राहिला. पुण्यात माझ्या आईला हे अजून कुणाला सांगता येत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

मागचं पॅनल उघडलं. आत उंदराचं घरटं. रिकामं — मालक केव्हाच स्थलांतरित झालेले. हवा गाळायचा फोम वितळून डांबर झालाय, नखांतून निघत नाही. पप्पा नाकाला रुमाल लावून वाकले.

"पोस्टमॉर्टेम करणार आहेस की ऑपरेशन?"

"ऑपरेशन."

"मग मी आहे." आणि आत जाऊन जुना हिरवा थिएटर गाऊन घालून आले. आयुष्यभर इथेच साउथहॅम्प्टनमध्ये भूलतज्ज्ञ होते, गाऊन जपून ठेवलाय. पोट मावत नाही. मशीनला 'बाईसाहेब' हे नावही त्यांनीच दिलं. "इतकी जड, इतकी जुनी, आणि चार माणसं उचलायला. बाईसाहेबच."

रविवार, २६ जानेवारी

आज वीज द्यायची होती. सरळ प्लगमध्ये घातलं की खेळ खलास — वीज साठवणारे जुने कपॅसिटर वर्षानुवर्षं पडून असतात, एकदम झटका दिला की फुटतात. व्होल्टेज थोडं थोडं चढवत न्यायचं, मध्ये थांबायचं, हात लावून गरम होतंय का बघायचं. पप्पांना हे फार पटलं. कॅम्पिंगच्या खुर्चीत मांडीवर पांघरूण घेऊन बसले आणि मीटरचा आकडा मोठ्याने वाचत राहिले. "घाई नको. भूल देतानाही असंच. पेशंटला कळता कामा नये."

पेशंटला कळलं. फट्! गॅरेजभर कपॅसिटरमधल्या कागदाचे बारीक तुकडे आणि सडक्या माशाचा वास.

"गेली?" पप्पांनी शांतपणे विचारलं.

"एक किडनी गेली. दुसरी बसवू."

"डोनर आहे का?"

डोनर शोधायला हवा.

शनिवार, ८ फेब्रुवारी

जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचा क्लब. स्काउटच्या हॉलमध्ये भरतो. दहा-बारा टकली, एक हीटर, आणि बिस्किटं. मी गेले की सगळे आधी माझ्या मागे बघतात — नवरा कुठंय? आज मागून पप्पा आले, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. सगळे पप्पांना समजावून सांगायला लागले. पप्पा मान डोलवत होते. त्यांना फ्यूज बदलता येत नाही.

मॉरीन मात्र माझ्याशी बोलली. सत्तरी ओलांडलेली, आखूड पांढरे केस, पुरुषी बूट. तरुणपणी इन्शुरन्सच्या ऑफिसात असल्याच मशीनवर प्रोग्रॅम लिहायची. नवरा वारला, सुट्या भागांनी भरलेली त्याची शेड मागे राहिली. "कपॅसिटर? ये आणि घेऊन जा. मला तिथे टोमॅटो लावायचेत."

गाडीत पप्पा म्हणाले, "बाई स्पष्टवक्ती आहे."

शनिवार, २२ फेब्रुवारी

दिवे लागले!!

लाल. सगळे. मी ओरडले, कॉलिनचा कुत्रा भुंकला, पप्पांनी हात जोडले. मॉरीन डब्यातला केक घेऊन आली होती, तिने नुसतं "ह्म्म" केलं आणि खटक्यांनी एक छोटा प्रोग्रॅम घातला. बोटं अजून तशीच चालतात. बाईसाहेब दोन मिनिटं पळाल्या, आणि थांबल्या. परत घातला, परत थांबल्या.

"मरू दे, केक खा," मॉरीन.

शनिवार, १ मार्च

दुपारी अंशुमनचा फोन.

"पप्पा कुठे आहे? त्याचा फोन बंद आहे."

"'त्यांचा'. बाप आहे तुझा."

"हां, तेच. कुठे आहे?"

मला वाटलं वर झोपलेत. खोलीत नाहीत. बागेत नाहीत. दुकानांचा सगळा शर्ली हाय स्ट्रीट पालथा घातला, लायब्ररीत बघितलं, केमिस्टकडे विचारलं. अंधार पडायच्या सुमाराला स्वारी बसमधून उतरली. बुटांना चिखल.

"कुठे होतात?"

"बसने फिरत होतो."

"चिखलात बस चालते?"

"साउथहॅम्प्टनची बस आहे, काहीही होऊ शकतं."

हसले नाही मी.

गुरुवार, ६ मार्च

परत तेच. फोन घरी, पप्पा गायब, आले ते चिखल घेऊन. नवीन निळा स्वेटर. कुठून आला विचारलं तर "दुकानातून."

अंशुमनला सांगावं लागलं. तो म्हणाला, "इट्स वॉन्डरिंग. डिमेन्शियाची पहिली साइन असतो हा. त्याला मेमरी क्लिनिकला दाखवू. आणि मग मी त्याला इकडे घेऊन येतो. माझी घर मोठी आहे, खाली बेडरूम आहे. तू जॉबला जाते, तो एकटा असतो. इट्स नॉट सेफ, देविका."

चुकीचं काहीच बोलला नाही. व्याकरण सोडून. म्हणूनच जास्त राग आला.

शुक्रवार, ७ मार्च

चोरून परीक्षा घेतली. भाजी चिरता चिरता म्हटलं, "पप्पा, शंभरातून सात-सात वजा करत जा बरं." ते थेट दोनपर्यंत गेले. मग म्हणाले, "आता तू कर." मी एकोणऐंशीनंतर एकाहत्तर म्हटलं.

"मला तुझी काळजी वाटते," म्हणाले.

रविवार, १६ मार्च

पकडली! बाईसाहेबांची खोड पकडली. सकाळी गॅरेज थंड असतं तेव्हा चालतात, तापल्या की बंद. म्हणजे एखादी चिप गरम झाली की दगा देते. पण चिपा शेकड्यांनी. मग हेअर ड्रायरने एकेक बोर्ड तापवायचा, आणि बंद पडल्या की गारव्याचा स्प्रे एकेका चिपवर मारायचा. जिथे मारल्यावर पुन्हा चालतात, तो चोर.

मॉरीनने ड्रायर धरला, पप्पांनी दिव्यांवर नजर ठेवली, मी स्प्रे. ड्रायर तिचाच, जुना, विमानासारखा आवाज. सबंध दुपार गेली. दोघं आपसात काहीतरी बोलत होती, आवाजात ऐकू येत नव्हतं. एकदा पप्पा इतके हसले की दिवे बघायचे विसरले. मी ओरडले त्यांच्यावर.

चोर सापडला. नखाएवढी चिप. जुनी काढली, मॉरीनच्या शेडमधली नवी बसवली — नवी म्हणजे तीही माझ्याच वयाची. पळताहेत. जेवण होईपर्यंत पळत होत्या. मी गॅरेजमध्येच ताट घेऊन बसले.

आणि तिथे बसून एकदम लक्षात आलं, की आता संपलं की. पप्पा कार्डिफला गेले तर खुर्चीत बसून आकडे कोण वाचणार?

रविवार, ३० मार्च

पाडवा. वेम्बलीहून मागवलेलं श्रीखंड. गुढी खिडकीत, कॉलिनने विचारलं, धुणं वाळत घातलंय का. अंशुमनचा मेसेज — बारा एप्रिलला येतो, सगळं बोलून घेऊ. त्याच दिवशी क्लबवाले बाईसाहेबांना बघायला येणार आहेत. म्हटलं ये. सगळी वरात एकदमच येऊ दे.

शनिवार, १२ एप्रिल

मध्यरात्र उलटली. तरी लिहिते.

टकली सगळी गॅरेजमध्ये. बाईसाहेब पळताहेत, टेलिप्रिंटर खडाखडा छापतोय, लोक फोटो काढताहेत. अंशुमन आला, एकटाच. जाडा झालाय. मशीनकडे बघत राहिला. "हे तू केला?"

"केलं."

"वाव."

मग हळूच, "पप्पा कुठे?"

खुर्ची रिकामी. पांघरूण खाली. घरात नाहीत. मी सगळ्या क्लबला तसंच सोडलं, अंशुमनच्या गाडीत बसले. लग्नानंतर इतक्या शांतपणे त्याच्या शेजारी पहिल्यांदाच बसले असेन. पूल, बसस्टॉप, बंदराकडचा रस्ता. तो स्टिअरिंगवर बोटं आपटत होता. "मी आधीच न्यायला पाहिजे होता." मी म्हटलं, "मी लक्ष ठेवायला हवं होतं." दोघंही गुन्हेगार.

मग क्लबमधल्या कुणाचा तरी फोन — मॉरीनही नाहीये, अलॉटमेंटवर बघा.

तिथे होते. पालिका भाजीसाठी भाड्याने देते त्या जमिनीच्या तुकड्यांवर, निळा स्वेटर, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात फावडं. मॉरीन शेडच्या पायरीवर बसून थर्मासमधून चहा ओततेय. बटाटे लावत होते. माझे सासरे, ज्यांनी आयुष्यात कुंडीला पाणी घातलं नाही.

अंशुमन सुटलाच. इंग्रजीत. फोन का नाही, सांगत का नाही, आम्हाला वाटलं तुमचं डोकं —

"डोकं काय?" पप्पा.

मग मीच सांगितलं. मेमरी क्लिनिक. कार्डिफ. खालची बेडरूम.

पप्पांनी फावडं जमिनीत रोवलं. "इतके दिवस तुम्ही दोघं फोनवर माझी वाटणी करताय. मला विचारलं कुणी? मी काय ते मशीन आहे? युनिव्हर्सिटीला नको झालं, याच्या गॅरेजमध्ये ठेवू का तिच्या?"

"मग सांगायचं होतं कुठे जाता ते," मी म्हटलं. "मी केमिस्टला जाऊन विचारलं, पप्पा. मला वाटलं तुम्ही कुठेतरी पडला असाल."

तेव्हा ते मऊ झाले. जवळ आले, मातीच्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं. केसांत माती गेली. "चुकलं. सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तू डबा दिला असतास, छत्री दिली असतीस, न्यायला आली असतीस. मला एक गोष्ट तुमच्या कुणाच्या मदतीशिवाय करायची होती."

मॉरीनने आम्हाला चहा दिला. साखर नव्हती. अंशुमन उलट्या केलेल्या बादलीवर बसून प्यायला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "बटाटा कधी येईल?"

"येतील. जूनमध्ये," पप्पा म्हणाले.

परत आलो तर टकली अजून तिथेच. बाईसाहेब अजून पळत होत्या. आमच्याशिवाय.

सोमवार, १४ एप्रिल

कार्डिफचा विषय बंद. अंशुमनने स्वतःहून मेसेज केला. "सॉरी. तो ठीक आहे." मी 'तो'चं 'ते' केलं नाही.

रविवार, २० एप्रिल

पप्पा आता सांगून जातात. मी डबा देते. छत्री देत नाही.

सोमवार, ५ मे

बँक हॉलिडे. नाश्त्याला मॉरीन आली, ती पण चांगल्या बुटांत. पप्पांनी टोस्टला लोणी लावता लावता सांगितलं — पुढच्या महिन्यापासून ते तिच्या घरी राहणार. लग्न करून. रजिस्ट्रार ऑफिसला नोटीस देऊन झाली. दोन साक्षीदार लागतात. एक मी.

"दुसरा अंशुमन," म्हणाले. "शेजारी शेजारी उभं राहून सही करायची. जमेल का दोघांना?"