आधी ओ, मग हाक

३ तारीख
रुजू झालो. खोली धक्क्याला लागून, खिडकीत समुद्र, पंखा चालतो. चाळिशी उलटल्यावर आणखी काय हवं! काम सोपं. नौदलाच्या पोरांना पाणबुडी शोधण्याचा सराव हवा. खरी पाणबुडी रोज कोण देणार? म्हणून आमची नकली: दोन पुरुष लांबीची नारिंगी नळी, पोटात बॅटरी. बोट पाण्यात आवाजाची हाक सोडते, नळी पाणबुडीसारखी ओ देते. शेडमधलं यंत्र दोन्ही टिपतं, मी वेळा वहीत लिहायच्या. वर काढली की नळीला गोड्या पाण्याची आंघोळ, मग पुसणं. काम कमी, लाड फार, म्हणून तिचं नाव ‘जावई’. फोरमनचा हा एकुलता एक विनोद. आज सहा वेळा ऐकला.

५ तारीख
ओ हाकेच्या चार सेकंद आधी येते. घड्याळ बदललं. तेच. जुन्या वह्या काढल्या: माझ्या आधीच्या लेखनिकाने प्रत्येक वेळ खाडाखोड करून सरळ केलेली. निर्लज्ज! फोरमन म्हणाला, तुम्हीही करा साहेब, त्यात काय. उथळ पाण्याला खळखळाट फार. मागची नोकरी खरं लिहिल्यापायी गेली. बायकोने बजावलंय, आता तरी जगाचे गुरुजी होऊ नका. हा प्रामाणिकपणा की नुसता ताठा? कोण जाणे. खरंच लिहिलं.

८ तारीख
अंतर दोन मिनिटं. आज ओ आली तेव्हा जावई शेडमध्ये टांगलेला, बॅटरी टेबलावर. फोरमनने धावत जाऊन बोटीवरून हाक सोडायला लावली. घाम पुसत म्हणाला, ओ आली की हाक द्यावीच लागते. नाही दिली, तर हाक तो देतो, पाण्यातला. आधीच्याने एकदा कंटाळा केला. मग त्याला हाक आली, त्याने ओ दिली. धक्क्यावर चपला तेवढ्या सापडल्या. पन्नाशीचा घोडा, आणि हा बाष्कळपणा!

९ तारीख
सकाळी दहा वाजता ओ आली. हाक सोडू दिली नाही. फोरमनने पाय धरले. किळस आली. अर्धा तास थांबलो. काही नाही. वहीत लिहिलं: हाक नाही.

९, दुपार
फोरमन पळाला, डबा टाकून. भित्रा —

यंत्रावर पुन्हा ओ. जावयाची नाही. माणसाची. टिपलेली तीनदा लावून ऐकली.

माझी.

मी तोंड उघडलेलं नाही. म्हणजे हाक अजून यायची —

खाडाखोड केली असती तर — नाही. वेळ लिहितो. १२.४०.

ओ देणार नाही. दातात रुमाल धरलाय —

पाण्याकडून. बायकोचा आवाज. फक्त घरात म्हणते त्या नावाने —