बैलानं खाल्लेले पाय अन् पणतीचं जहाज

बाबा, मी दुसरीपर्यंतच शिकली, लिहाले वेळ लागते. पण तुमाले तरी कुठं घाई आहे म्हणा! घरात लय आनंदाची गोष्ट झाली आहे, ती सांगाची आहे. पण आधी बैलाचं सांगते, ते तुमाले कोणी सांगितलं नसन.

लढाईत तुमचं जहाज फुटलं तेव्हा मी आठ वर्षांची. तुमी काही आले नाही, तार आली. भटजी म्हणाले, पुतळा करून अग्नी द्या. काकानं धानाच्या तनसीचा पुतळा बांधला, अंगणात ठेवला, अन् सारे कापूर शोधाले घरात गेले. तेवढ्यात आपला पांढरा बैल दावं तोडून येते अन् तुमचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत खाऊन टाकते! आईचं रडणंच थांबलं. "भाऊजी, असे कसे पाठवता त्याईले? पाय लावा आधी." काका म्हणते, "वयनी, जहाजावरच्या माणसाले पाय कायले लागते?" आई पदर तोंडात कोंबून अशी हासली, अशी हासली, की बायांले वाटलं हिले बाहेरचं लागलं. तवापासून त्या बैलाले आईनं कधी अरे-तुरे केलं नाही. शेण काढताना म्हणे, "सरका जी थोडं." तुमचा वाटा त्याच्या पोटात ना!

आता आनंदाचं. माही नात, म्हणजे तुमची पणती, नौदलात लागली! लाखांदूरच्या कॉलेजात एसटीनं जाणारी पोरगी, आता जहाजावर जाऊन राहिली. पण कागदावर बापाची सही पाहिजे होती, अन् माहा पोरगा अडून बसला. "एक आजा समुद्रात गेला, तेवढं पुरे." पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्यासमोर चहा ठेवला अन् म्हटलं, "तुहे आजोबा सपनात आले होते. म्हणाले, पोरीले अडवू नको." चहा तसाच टाकून त्यानं पेन शोधला. काल पोरगी गेली. एसटी निघाली तशी मी इतकी जोरात ओरडली, की कंडक्टरनं बेल मारून गाडी थांबवली. त्याले वाटलं, म्हातारी राहिली!

हा कागद टाकाचा कुठं, पत्ता तर नाही. पण एक सांगून टाकते. तुमी सपनात आले नाही, बाबा. इतक्या वर्षांत एकदाही नाही. सही करता करता पोरानं विचारलं, "आवाज कसा होता वो आजोबाचा?" मले तर आठवतच नाही. म्हटलं, "माह्यासारखाच."