पक्षी की बिजागरी

प्रिय फुंकऱ्या,

या नावानं तुला आता कुणीच हाक मारत नसेल. चष्म्याच्या दुकानात सगळे ‘साहेब, साहेब’ करत असतील आणि तूही तेवढ्याच गंभीरपणे मान डोलावत असशील. पाकिटावर माझं अक्षर पाहून तू ते दोनदा उलटंपालटं करून पाहिलं असशील, हे मी इथे बसून सांगू शकते. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, शिकवणीची मुलं पियानो बडवतात, बाकी सगळं ठीक चाललंय. लिहिते आहे ती आपल्या त्या एकुलत्या एका रेकॉर्डबद्दल. ती पुन्हा निघतेय आणि तू संमती देऊन मोकळाही झालास, हे मला कंपनीच्या माणसाकडून कळलं. चाली दोघांच्या, त्यामुळे सही दोघांची लागते. नव्या रेकॉर्डमधून तुझ्या सांगण्यावरून एक आवाज काढलाय. तो काढलेलाच राहू द्यायचा की परत घालायचा, एवढं माझ्याकडून हवं होतं. कुठला आवाज, ते तुला सांगायला नको.

सही करण्याआधी मला दोन्ही ऐकायच्या होत्या. आपली घरची प्रत मागेच घर बदलताना उन्हात राहून वाकडी झाली. म्हणून आपल्या त्या जुन्या रेकॉर्डवाल्याला फोन केला, तर म्हणाला, रविवारी सकाळीच या, मागच्या खोलीत जाणकार जमणार आहेत, जुनी आणि नवी समोरासमोर लावून बघणार आहेत. मी कोण ते कुणाला सांगू नकोस, एवढी अट मी घातली. त्यानं मला ‘आमच्या ओळखीच्या ताई’ म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. अरे, काय ती मंडळी! एक दातांचे डॉक्टर, एक निवृत्त मास्तर, एक विमेवाला आणि त्यांच्या होला हो म्हणणारे बाकीचे. आधी काय केलं असेल? रेकॉर्डचं वजन केलं. खरंच सांगते, स्वयंपाकघरातला काटा आणला होता घरून. नवी जड भरली तसा विमेवाल्याचा चेहरा खुलला. मग आळीपाळीनं कव्हरचा वास घेतला. डॉक्टरांनी जुनी प्रत दिव्याखाली तिरकी धरून इतकी निरखली, की आता हिची दाढ काढतात की काय असं मला वाटलं. शेवटी सगळ्यांनी खुर्च्या भिंतीकडे फिरवल्या, म्हणजे कुठली लागली ते दिसू नये. आपण वाजवायचो त्याला आता स्पिरिच्युअल जॅझ म्हणतात, हेही मला तिथेच कळलं. आपण तर देवाचं नाव फक्त वीज गेली की घ्यायचो.

रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला मधेच तू वाजवायचा थांबतोस, बाकीचे वाजवत राहतात आणि मग तू परत येतोस, ती जागा आठवते? ती यायच्या आधीच मास्तरांनी त्या थांबण्यावर मोठं व्याख्यान झोडलं. तिथे म्हणे वादक स्वतःचा ‘मी’ सोडून देतो, ते मौन म्हणजेच या रेकॉर्डचा प्राण. तू आणि मौन! मी हसू दाबायला चहाचा कप तोंडाला लावला. तेवढ्यात तो आवाज आला, आणि कप हातातच राहिला.

गालिच्याच्या दुकानाचं ते तळघर. चारी बाजूंना गालिच्यांच्या गुंडाळ्या, म्हणून आवाज घुमत नाही या आनंदात आपण ते रेकॉर्डिंगसाठी मागून घेतलं होतं. आपल्या तान्ह्या गुंडीला सांभाळणाऱ्या शेजारच्या मावशी नेमक्या त्याच दिवशी आजारी पडल्या. तिला सोबत घेऊन जायचं तूच ठरवलंस. तुझ्या सॅक्सोफोनच्या रिकाम्या पेटीत माझी निळी शाल अंथरली आणि तिला त्यात ठेवलं. त्या मखमलीत ती अशी काही ऐटीत पडली होती, की तू म्हणालास, वाद्यापेक्षा हीच जास्त शोभते. पेटी तुझ्या पायाशी, मी पियानोवर, तुम्हा दोघांकडे पाठ करून. एवढा वेळ गप्प राहिलेली गुंडीबाई नेमकी दुसऱ्या बाजूच्या मधोमध बोलू लागली. लांब, चढत जाणारा एकच सूर, मग थोडं थांबून पुन्हा तोच. ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं कपाळाला हात लावला. पण टेप संपत आली होती, दुसरी आणायची ऐपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर बाकी सगळं इतकं सुरेख जमलं होतं की आपल्याला ते पुन्हा वाजवायचंच नव्हतं.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. तापानं नेलं तिला. त्या दवाखान्याबद्दल मी आजही लिहू शकत नाही, आणि तुलाही ते वाचायला नको. तू सॅक्सोफोन कुणाला देऊन टाकलास तेही मला सांगितलं नाहीस. नंतर मात्र तू एकच वाक्य बोलत राहिलास. जेवताना, अंघोळीहून येताना, दाराला कडी लावताना. ती हाक मारत होती आणि मी वाजवत बसलो, डोकं वर करून पाहिलंसुद्धा नाही. मी तुला काय सांगणार होते? मी पाठमोरी होते, मला काहीच दिसलं नव्हतं, आणि तू मधेच थांबलास तो दम घ्यायला, असंच मी धरून चालले होते. त्या वाक्यानं आपलं घर आतून पोखरून टाकलं, आणि एक दिवस तू तुझ्या भावाच्या चष्म्याच्या दुकानात कामाला गेलास तो तिकडचाच झालास.

आता त्या खोलीतली गंमत ऐक. गंमतच म्हणायची. त्या आवाजावरून तिथे जुंपली. मास्तर म्हणाले, तो पक्षी आहे, मुद्दाम घातलाय, निसर्गाला साद म्हणून. डॉक्टर म्हणाले, कसला पक्षी घेऊन बसलात, कुठल्या तरी दाराची बिजागरी कुरकुरतेय, आणि नव्या रेकॉर्डमधून ती कटकट गेली हेच उत्तम झालं. मग नवी लावली. सगळं लख्ख, धुतल्यासारखं. ती जागा आली आणि तिथे काहीच नव्हतं. मी इतकी वर्षं त्या जागेची वाट बघत ऐकलंय रे, आणि तिथे काहीच नव्हतं. मला रडू आवरेना. विमेवाला हळूच शेजाऱ्याला म्हणाला, बघा, याला म्हणतात संगीताची ताकद. मास्तरांना राहवेना, त्यांनी मला विचारलं, ताई, तुम्ही सांगा बरं, पक्षी की बिजागरी? मी म्हटलं, मला नीट ऐकू येत नाही हो हल्ली. यावर सगळे मोठ्यानं बोलू लागले.

त्या क्षणी तुझा मला भयंकर राग आला. तिचे फोटो तू भिंतीवरून काढलेस, ते मी गिळलं. पण एवढा एकच आवाज उरला होता तिचा जगात, तोही तुला सहन होईना? परत घाला, असं सांगायचं मी तिथेच नक्की केलं होतं.

पण निघताना जिन्यात एक मुलगी माझ्यामागून आली. ही रेकॉर्ड साफ करण्याचं काम तिनं केलेलं, आणि तीही भिंतीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, काकू, पियानो तुमचा ना? मी पर्समध्ये रुमाल शोधू लागले, त्यावरून तिला कळलं. तिनं सांगितलं, आवाज काढायचा म्हणजे तो आधी बाजूला उचलून घ्यावा लागतो, आणि बाजूला काढलेलं टाकून द्यायला तिचं मन धजलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला तिच्या कामाच्या खोलीत बोलावलं, कानांना हेडफोन लावले आणि स्वतः चहा करायला म्हणून बाहेर निघून गेली. शहाणी आहे पोरगी.

संगीत सगळं गेलेलं. माझा पियानो म्हणजे लांब कुठेतरी चाललेली खुडबुड. पेटीचं झाकण खरोखरच कुरकुरतंय, म्हणजे डॉक्टर अगदीच चुकले नव्हते. मग गुंडी. इतकी जवळ, की तिचा श्वास मला कानाशी लागला. एकदा हाक, परत हाक. आणि नंतर तू. रेकॉर्डवर झांजा आणि ढोलांखाली दबून गेलेला तुझा आवाज, अगदी हळू, वाद्य तोंडातून काढून: ‘आलो गं गुंडे, आलो. हा काय बाबा, इथेच आहे.’ मग ती हसते, पोटभर. आणि गप्प होते. मास्तरांचं ते मौन म्हणजे एवढंच आहे.

काल मी सही केली. तू म्हणालास तसंच राहू दे, तिचा आवाज नकोच, असं सांगितलं. आता राग नाही. रेकॉर्ड निघाली की ठिकठिकाणी अशा खोल्या भरतील, खुर्च्या भिंतीकडे फिरतील आणि अनोळखी माणसं माझ्या लेकीला काट्यावर घालतील, हे मला नको आहे. ती दोघांचीच होती, दोघांकडेच राहू दे. माझी प्रत माझ्याजवळ आहे. तुझी या पाकिटात, छोट्याशा पेनड्राइव्हवर. दुकानातल्या संगणकावर लागेल ती, पण भाऊ जेवायला गेला की लाव. तिला ऐकायची तुला भीती वाटेल. मलाही वाटली होती, पहिल्या हाकेला मी हेडफोन काढून ठेवले. तू काढू नकोस. जरा पुढे तू स्वतः आहेस. इतकी वर्षं तू जे म्हणत आलास ते खरं नाही, राजा. सगळे वाजवत होते, टेप संपत आली होती, आणि तिनं हाक मारल्यावर तू थांबलास. एवढं तुला कळावं, म्हणून हे पत्र.

तुझीच,
डावखुरी