तिथीवाचून सण

प्रिय अनिमेष,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं, मनावर घेऊ नकोस. तुझी मेल मिळाली. इतकी गोड होती की आधी वाटलं, दुसऱ्या कुणासाठीची चुकून माझ्याकडे आली. पपांच्या गुडघ्याची चौकशी, खोताच्या वाडीतल्या नाताळच्या कंदिलांची आठवण, आमच्या बॉटल मसाल्याचं कौतुक, आणि मग तळाशी हळूच दोन कामं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण तो हरीसुद्धा गाढवाच्या बापाचा गुडघा विचारत नसावा. पहिलं काम असं की अमेरिकेच्या त्या असामान्य गुणवत्तेच्या लोकांसाठीच्या व्हिसाला मी शिफारसपत्र द्यावं, तुझ्या ‘तिथी’ या सॉफ्टवेअर पॅकेजवाचून जगाचं कसं अडतं ते सांगणारं. दुसरं असं की तुझा अर्ज मंजूर होईपर्यंत माझं ‘सणवार’ आणि तुझं ‘तिथी’ यांची गाठ सोडवायला मी जाऊ नये, कारण वकिलाला डाउनलोडचे आकडे चढते दाखवायचे आहेत. तुझ्याबरोबर जायचं म्हणून उर्वीने शाळेतली नोकरी सोडलीय आणि परळचा फ्लॅट तुम्ही विकायला काढलाय, हेही लिहिलंस. म्हणजे मी नाही म्हणू शकत नाही, असं तुला वाटलं.

मी मुद्दाम मराठीत लिहितेय. तुझ्या आईला, शकूकाकूंना, अजून वाटत असेल की आम्हा किरिस्तावांना मराठी येतं ते फक्त कोळणीशी घासाघीस करण्यापुरतं. त्यांना वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

ठाकूरद्वारच्या तुमच्या जुन्या घराच्या गच्चीवर आपण ही दोन्ही पॅकेजं लिहिली. तारीख दिली की तिथी सांगणारं तुझं, आणि वर्षभराचे सण आणि सुट्ट्या देणारं माझं. गुढीपाडवा कधी, ते माझ्या सणवारने तुझ्या तिथीला विचारायचं. दिवसाची तिथी सूर्योदयाला कोणती चालू आहे त्यावर ठरते, आणि कुठल्या गावी सूर्य कधी उगवतो ते गणित मी आधीच सणवारमध्ये मांडून ठेवलं होतं. ते वेगळं लिहायचा तू कंटाळा केलास आणि सरळ माझ्यातूनच घेतलंस. झालं, सणवारचं तिथीवाचून अडायला लागलं आणि तिथीचं सणवारवाचून. मला ते तेव्हा फार गोड वाटलं होतं. आपली दोन पॅकेजं एकमेकांशिवाय उभी राहू शकत नाहीत, यात मला आपलं लग्न दिसत होतं. इतकी बावळट मुलगी अख्ख्या गिरगावात दुसरी नसेल.

पुढे शाळांच्या वेळापत्रकांत, बँकांच्या अ‍ॅपमध्ये सगळीकडे सणवार गेलं आणि त्याच्या पाठोपाठ तिथी. मग त्या गोड गाठीपायी हाल सुरू झाले. मी नवं व्हर्जन काढलं की ते म्हणणार, आधी नवी तिथी आणा. नवी तिथी म्हणणार, आधी नवं सणवार बसवा. वापरणारा बिचारा दोघांच्या मध्ये उभा. अधिक श्रावण आला त्या वर्षी तुझ्या तिथीने राखीपौर्णिमा महिनाभर आधी दाखवली. चूक तुझी होती, दुरुस्ती मी करून पाठवली, तुला फक्त ‘मंजूर’ म्हणायचं होतं. पण तू उर्वीबरोबर बालीला होतास. शिव्या मी खाल्ल्या, कारण लोकांना नाव माझ्या पॅकेजचं माहीत होतं. कुणीतरी लिहिलं की हिंदूंचे सण बाईंना कळणार तरी कसे. तू परत आल्यावर त्याला हसरा चेहरा टाकलास. मला तेव्हा रडू आलं होतं. हे तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

उपाय सोपा होता. सूर्योदयाचं गणित उचलून तिसऱ्या एका छोट्या पॅकेजमध्ये ठेवायचं, दोघांनी तिथून घ्यायचं, मग तिथीला सणवारकडे यायची गरजच नाही. सगळं तयार करून मी तुझ्याकडे पाठवलं. तू म्हणालास, “बघतो.” वर्षं गेली, तू बघतच आहेस.

तुझं ‘बघतो’ मी त्याआधीही एकदा ऐकलं होतं, म्हणून म्हणते. शकूकाकूंचं म्हणणं, आपल्या लग्नाचं बोलायला मुलीकडच्यांनी आधी यावं, प्रभूंच्या घरातले मुलाचे आईबाप कुणाचे उंबरे झिजवत नाहीत. पपांचं म्हणणं, आमच्यात मागणी मुलाकडून येते, हा कायतान आपली पोर घेऊन दारोदार फिरणार नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघंही दुसऱ्याच्या पहिल्या पावलाची वाट बघत बसलेले. तेव्हाही तोडगा मीच काढला. ना तुमचं घर, ना आमचं, ठाकूरद्वारच्या नाक्यावरच्या हॉटेलात रविवारी सगळ्यांनी चहाला भेटायचं. तू माझ्या डोक्याचं केवढं कौतुक केलंस, आणि आईला आणायचं ‘बघतो’ म्हणालास!

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर पपांनी सूट घातला, मम्मीच्या मयताला शिवलेला. त्यांच्याकडे तेवढा एकच होता. वाटेत मावा केकचा खोका घेतला. वरच्या मजल्यावरच्या फॅमिली रूममध्ये आम्ही खिडकीजवळचं मोठं टेबल धरलं. वेटर आला की पपा म्हणायचे, “मंडळी येतायत, थांब जरा.” तो पुन्हा आला, पुन्हा तेच. मग त्याने विचारणं सोडलं आणि लांबून बघायला लागला. तुझा मेसेज आला, “आईचं बीपी वाढलंय गं. नेक्स्ट संडे पक्का.” पपांनी तो वाचला. चहा मागवला, प्यायला, वेटरला टीप ठेवली, खोका उचलला आणि जिना उतरताना माझा हात धरला. गर्दीत लहान मूल हरवू नये म्हणून धरतात तसा. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते रे.

बीपी उत्तम होतं. तुझी चुलतबहीण प्रिती मला पुढे भेटली, तिच्या पोटात काही राहत नाही. त्या रविवारी तुम्ही सगळे दादरला होतात, उर्वीला बघायला. हॉटेलचं घरी तू कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतंस. पोहे छान झाले होते आणि तू दोनदा मागून घेतलेस, हेही प्रितीनेच सांगितलं. उर्वीवर माझा राग नाही, तिला काय माहीत असणार. तुझ्यावर आहे. इतकी वर्षं झाली, मला वाटलं होतं विटेल, विरेल. नाही विरला. दर वर्षी नव्या पंचांगाच्या वेळी तुझा मेसेज यायचा, ‘तुझं व्हर्जन आलं की सांग.’ मी सांगायचे. पॅकेज वापरणाऱ्यांचा काय दोष, म्हणून सांगायचे.

आता हे पत्र का, ते लिहिते. आज सकाळी सणवारचं नवं व्हर्जन बाहेर गेलं. सूर्योदय तिसरीकडे ठेवला नाही, तो तोडगा दोघांच्या सोयीचा होता. तुझं तिथी अख्खं उचलून मी सणवारच्या पोटात घातलं. ही चोरी नाही. ‘कुणीही घ्या, बदला, वाटा’ हे लायसन्स त्याला तूच लावलं होतंस, तेव्हा उदार दिसायची हौस होती. तिथी कधीच कुणी मागून घेतलं नव्हतं, लोक सणवार घ्यायचे आणि तिथी पाठराखणीसारखं मागून यायचं. आजपासून ते येणार नाही, आणि तुझे आकडे या महिनाअखेरीपर्यंत जमिनीला टेकतील. उर्वीच्या नोकरीचं वाईट वाटलं मला, खरंच वाटलं, आणि तरीही मी बटण दाबलं. वकिलाने सांगण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठीच हे लिहिलं. कुणी येणार नसेल तर तसं आधी कळवायचं असतं. शिफारसपत्र हवंच असेल तर देईन, त्यात लिहीन की कालपर्यंत तुझ्यावाचून अडत होतं. लायसन्सची एकच अट होती, मूळ लेखकाचं नाव ठेवायचं. ठेवलंय, लायसन्सच्या फाइलमध्ये, आडनावासकट, स्पेलिंग दोनदा तपासून. ती फाइल सहसा कुणी उघडत नाही.

तुझी कुणीच नसलेली,
अँड्रिया