अजिनाथ इथं राहत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
निवड झाली! संरक्षण खात्याचा कारखाना. स्टोअरकीपर. कायम नोकरी. वाळूजच्या कंपनीत दुपारीच राजीनामा फेकला. सुपरवायझर म्हणाला, पोलिस व्हेरिफिकेशन तरी होऊ दे की बाबा. जळतो मेला. आबांनी गावी पेढे वाटले. प्रांजलीचे वडील फोनवर चक्क 'अजिनाथराव' म्हणाले. आधी जॉइनिंग लेटर, मग साखरपुडा, असं त्यांनी साफ सांगितलंय. सांगू द्या. लेटर म्हणजे आता खिशातच.

५ नोव्हेंबर
फॉर्म भरला. गुन्हा दाखल आहे का? 'नाही' लिहिलं. हळदीत डीजेवरून राडा झाला तेव्हा पोलिसांनी माझं नाव लिहून घेतलं होतं, व्हय. पण मी खुर्ची नुसती फेकली. नवरदेवाचा मामा मधी आला ही मामाची चूक. कर्ज थकलंय का? 'नाही'. बुलेटचे हप्ते राहिलेत. राहणं वेगळं, थकणं वेगळं.
शाळेतला दोस्त हनुमान त्याच कारखान्यात आहे. तो म्हणाला, आहे ते लिही, बारीकसारीक भानगडी चालून जातात, लपवलेलं चालत नाही. लहानपणापासून भित्रा.

९ नोव्हेंबर, रविवार
बुलेटचा वसुलीवाला आला. मी कॉटखाली. घरमालकीण सुगंधाबाईंनी त्याला सांगितलं, आहे की आत, बसा. वर चहा पाजला! तो गेल्यावर त्यांना हात जोडले. व्हेरिफिकेशनच्या दिवसांत दारात वसुलीवाला दिसला तर इज्जतीचा फालुदा.
संकल्प: आजपासून सगळ्या गल्लीनं एकच सांगायचं. अजिनाथ इथं राहत नाही.

१२ नोव्हेंबर
प्लॅन जबरदस्त. सुगंधाबाई सकाळी औरंगपुऱ्यात दुकानावर जाताना माझ्या खोलीला बाहेरून कुलूप लावतात, संध्याकाळी काढतात. बुलेट त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली. अनोळखी नंबर उचलायचे नाहीत. आज एकच नंबर सारखा येत होता. ब्लॉक केला.
हवालदार आला की गल्लीतलं कुणीतरी सांगेलच. खाकी वर्दी काय लपून राहते का? त्याच्यासाठी पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

१७ नोव्हेंबर
जीव गुदमरतोय. खिडकीतून समोरची भिंत दिसते, तेवढंच. खोकला आला तरी उशीत तोंड खुपसतो. प्रांजलीनं विचारलं, दिवसभर काय करता. ट्रेनिंग म्हणालो. एका अर्थी खरंय. सुगंधाबाई म्हणतात, आमची शेळी तरी दिवसातून दोनदा बाहेर जाते.

२० नोव्हेंबर, दुपार
आज स्वतःवर खूश! खिडकीशी नवीन वसुलीवाला. साधा शर्ट, केस बारीक, बूट लाल, हातात फाइल. अजिनाथ कुठंय म्हणाला. मी डगमगलो नाय. म्हणालो, तो इथं राहत नाही, फरार आहे, मी त्याचा भाऊ विश्वजीत. मला भाऊ नाही हे त्याला काय ठाऊक!
त्यानं विचारलं, मग कुलूप बाहेरून का. मी म्हणालो, तोच मला कोंडून पळालाय. काय सुचतं मला!
मग सवयी विचारल्या, पैशाचं विचारलं, पोलिसांचं विचारलं. हा पुन्हा फिरकू नये म्हणून सढळ हातानं सांगितलं. गावभर उधारी, हळदीत मारामाऱ्या, त्याच्या हाती किल्ली देऊ नका. सगळं लिहून घेतलं बिचाऱ्यानं. गजातून सही मागितली. डाव्या हातानं केली. वसुलीवाले लई कडक झालेत हल्ली.

२८ नोव्हेंबर
हनुमानचा फोन. पोलिस रिपोर्ट आलाय, काहीतरी घोळ आहे, ठाण्यात जा. पांढरा शर्ट घालून गेलो. अखेर कामी आला.
टेबलामागं हवालदार साहेबराव. वर्दीत होते. आधी लाल बूट दिसले. मला बघून म्हणाले, या विश्वजीतराव, भाऊ सापडला का?
म्हणालो, साहेब, मीच अजिनाथ. ते म्हणाले, खुर्चीची केस मामानं कधीच मिटवलीय, हप्त्यांपायी कुणी नोकरी अडवत नसतं. फोन करून करून थकलो, शेवटी स्वतः आलो. आता सख्ख्या भावाचा सही केलेला जबाब वर गेलाय. मी म्हणालो, सही डाव्या हाताची आहे. त्यांनी तेही लिहून घेतलं.
वाळूजच्या जुन्या कंपनीत फोन केला. माझ्या जागी माणूस घेतलाय. प्रांजलीच्या वडिलांचे दोन कॉल येऊन गेले. उचलायची हिंमत नाही. आबांना काय सांगू? रडू आलं, रिक्षातच.

२८ नोव्हेंबर, संध्याकाळ
कुलूप लावू नका, असं सुगंधाबाईंना सांगितलं. दार सताड उघडं ठेवून बसलो. वसुलीवाला आला, मागचाच, चहा प्यालेला. अजिनाथ आहे का म्हणाला. म्हणालो, व्हय, मीच. इथंच राहतो.
त्याला पटेना. म्हणाला, गल्लीत सगळे सांगतात तो पळालाय. आधार कार्ड दाखवा.